मुलं सगळी एकसारखीच वस्तू का बनवतात?

तुम्ही विचारलंय की माध्यमिकच्या डिझाइन अँड टेक्नॉलॉजीच्या (वस्तू स्वतः आखून बनवायच्या विषयाच्या) तासाला सगळ्यांच्या वस्तू सारख्याच येतात, क्रिएटिव्हिटी कशी आणायची. टेबलावर तयार नमुना ठेवता का? ठेवत असाल तर आधी तो कपाटात टाका.

मी हा विषय 14 वर्षं शिकवला. एकदा नववीला मोबाइल स्टँड करायला दिला आणि मुलांना अंदाज यावा म्हणून माझा प्लायवूडचा नमुना समोर ठेवला. 32 स्टँड आले, सगळे तसेच! माझ्या नमुन्यात चार्जरच्या पिनेला खालून जागाच नव्हती, तर ती चूकसुद्धा जवळपास सगळ्यांनी उचललेली. नंतर वाचलं की 1991 साली जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी प्रयोग करून हेच दाखवलेलं, समोर नमुना ठेवला की शिकलेसवरलेले इंजिनिअरसुद्धा त्यातल्या दोषांसकट तेच काढतात. मग मुलांना कशाला बोल लावायचा.

पुढच्या वर्षी मी 'स्टँड' हा शब्दच उच्चारला नाही. ज्याचा हात थरथरतो अशा माणसाला व्हिडिओ कॉल करता आला पाहिजे, एवढंच सांगितलं, आणि पहिले तीन तास करवतीला हात लावायचा नाही, फक्त पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी. एका मुलीने पुठ्ठ्याचे 6 प्रकार केले, सहाही पडले, मग तिने कापडाची पिशवी शिवून त्यात वाळू भरली, मांडीवर ठेवायची आणि मधल्या घडीत फोन खोचायचा. हलत नाही, घसरत नाही, हाताने धरायचं कामच नाही. आमचे वरिष्ठ सर म्हणाले, "हे शिवणकाम झालं, जॉइंट कुठाय?" आणि फिनिशिंगचे मार्क कापले. मी भांडलो, तर म्हणे मार्क वस्तू बघून द्यायचे असतात. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. फसलेल्या प्रयत्नाला शून्य मिळणार हे कळलं की कुठलं मूल वेगळं काही करून बघेल?

म्हणून टाकून दिलेल्या मॉडेल्सनाही मार्क ठेवा. हां, करवत, ड्रिल कसं धरायचं, जॉइंट कसा बसवायचा हे मात्र करून दाखवावंच लागतं, तिथे मोकळीक नको, आणि हत्यारांची सवय नसलेल्या वर्गाला एकदम मोकळा विषय दिला तर मुलं नुसती बसून राहतात.

आणि ते फसलेले पुठ्ठे जपून ठेवा. कोणी मार्कांवरून विचारलं तर टेबलावर मांडता येतात. त्या पिशवीवाल्या मुलीचे सहाही मी वर्ग आवरताना टाकून दिले होते, सरांसमोर मांडायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.