आधी खरं लिहून पाठव

प्रिय मुली,

मंत्र्यांच्या शब्दावर परदेशातल्या कचेरीत नेमणूक झाली, परीक्षा देऊन आलेले अधिकारी तुला चहालासुद्धा विचारत नाहीत, आणि तू मला विचारतेस की मी या खुर्चीला लायक आहे का. हा प्रश्न आता सोड. खुर्चीवर कशी आलीस, ते झालं. तिथून काय लिहून पाठवतेस, तेवढं बघ.

विल्यम डॉड हे शिकागो विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. जून 1933 मध्ये, वयाच्या 63व्या वर्षी, त्यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा फोन आला: बर्लिनला राजदूत म्हणून जाल का, दोन तासांत सांगा. आधी इतरांना विचारून झालं होतं. डॉड गेले. सोबत घरची जुनी शेव्हरोले मोटार नेली आणि वर्षाच्या 17,500 डॉलर पगारातच भागवायचं ठरवलं. ज्या परराष्ट्र खात्यात लोक पदरचे पैसे घालून मेजवान्या झोडत, तिथे हा माणूस कुणाला रुचणार? पाठीमागची कुजबुज शेवटपर्यंत थांबली नाही.

12 ऑक्टोबर 1933 ला बर्लिनमधल्या अमेरिकन व्यापारी मंडळासमोर ते प्राचीन रोमवर, सीझरवर बोलले. हिटलरचं नाव काढलं नाही, पण रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळलं. हिटलरच्या नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्गच्या मेळाव्याला ते एकदाही गेले नाहीत. 1937 मध्ये ते मायदेशी असताना त्यांच्या हाताखालचा अधिकारी मात्र तिथे हजेरी लावून आला. राजवट मवाळ होईल असं सुरुवातीला डॉडनाही वाटलं होतं. पुढे डोळ्यांसमोर जे घडलं त्याने मत बदललं, आणि ते बदललेलं मतही त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं. म्हणून सांगते, दिसेल ते लिही.

लोक म्हणतील, डॉडनी साधलं काय? अगं, परक्या देशाचा राज्यकर्ता बदलणं हे राजदूताचं काम आहे का? आपल्या सरकारला अंधारात न ठेवणं, हे त्याचं काम. ते त्यांनी केलं. 1937 च्या डिसेंबरात ते परतले आणि त्यांच्या जागी ह्यू विल्सन हे खात्यात मुरलेले, जमवून घेणारे गृहस्थ आले. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली आणि विल्सनना माघारी बोलवावं लागलं. मुरलेपणाने काय अडवलं, सांग बरं?

माझ्या नोकरीत वरिष्ठांनी एकदा अहवाल सौम्य करायला सांगितला. मी शब्द बदलला नाही. बढती गेली, आणि त्याची खंत अजून वाटते. खोटं कशाला बोलू? पण तोच कागद पुन्हा समोर आला तर आजही तसाच पाठवीन. हट्टी म्हणाले, म्हणू देत. मला तिथे जे दिसलं ते त्यांना दिसत नव्हतं.

तुझ्या मसुद्यातून ज्या दोन ओळी तू घाबरून काढल्यास, त्या परत घाल आणि सही करून वर पाठव. साहेब रागावले तर मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझी,
मावशी