परसातल्या कोंबड्या अंडी देता देता मध्येच का थांबतात?

प्रश्न थोडक्यात असा: घरामागे ५ गावरान आणि ३ गिरिराज (सुधारित जातीच्या) कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. दिवाळीनंतर अंडी कमी झाली. कधी दोन मिळतात, कधी एकही नाही. एक गावरान कोंबडी खोक्यातून उठतच नाही. खाणं व्यवस्थित आहे. मग काय चुकतंय, आणि कोंबडा आणावा का?

अंड्यांसाठी कोंबडा आणू नका. अंडं त्याच्यावाचून तयार होतं, तो लागतो फक्त पिल्लं हवी असतील तर.

आधी अपेक्षेचा हिशोब करू. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते ती पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न. गावरान कोंबडी वर्षात साठ-ऐंशी अंडी देते, आणि तीही फेऱ्यांनी. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते, मग मध्ये मोठी सुट्टी, मग पुढची फेरी. गिरिराज १३० ते १५० पर्यंत जाते. तुमच्या आठही कोंबड्यांची बेरीज करून ३६५ ने भागलं तर दिवसाला सरासरी दोन अंडी येतात. त्यामुळे दोन मिळाली त्या दिवशी काहीही बिघडलेलं नव्हतं. शोध घ्यायचा तो एकही न मिळणाऱ्या दिवसांचा.

चालू फेरीतही खाडे पडतात. एक अंडं पूर्ण व्हायला २५-२६ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचात जातात. म्हणून आज सकाळी सातला घातलं तर उद्या आठ-साडेआठ, परवा दहा, असं रोज पुढे सरकत जातं. अंडं पडल्यावर अर्ध्या-एक तासात पुढचा बलक सुटतो, पण वेळ दुपार ओलांडून गेली की त्या दिवशी तो सुटत नाही. एक दिवस कोरा जातो आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात होते. हा खाडा म्हणजे आजार नव्हे.

आता कोण घालतंय आणि कोण नाही, ते हाताने तपासा. अंधार पडल्यावर खुराड्यातून एकेक कोंबडी काढा, शांत असतात. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं बोटाला लागतात. त्यांच्यामध्ये दोन बोटं सहज मावली, आणि द्वार मोठं, ओलसर असलं तर ती घालती आहे. जेमतेम एक बोट जात असेल आणि द्वार आवळलेलं, कोरडं असेल तर बंद आहे. तुराही बघा. घालतीचा लाल, भरलेला असतो, बंद पडलेलीचा फिका आणि आकसलेला. दिवसा पाठीवर हात ठेवल्यावर तलंग (अजून अंडी सुरू न झालेली तरुण कोंबडी) पंख पसरून खाली बसायला लागली तर पहिलं अंडं जवळ आलं असं समजा. या तपासणीत चार-पाच जणी घालत्या निघाल्या आणि तरी अंडी दिसत नसतील, तर अंडी दुसरीकडे जातायत.

मोकळ्या सोडलेल्या गावरान कोंबड्या हे हमखास करतात. लाकडांच्या ढिगाऱ्यामागे, कडब्याच्या गंजीत, करवंदीच्या जाळीत घरटं करतात. पाच-सहा दिवस त्यांना अकरा वाजेपर्यंत आत कोंडा आणि मगच सोडा. सवय बदलण्यासाठी खोक्यात एक खोटं अंडं ठेवा, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं. खरं ठेवू नका, उन्हाळ्यात ते नासून फुटतं. खोकं फूटभर लांब, रुंद आणि उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाला भाताचा पेंढा, आणि चार-पाच कोंबड्यांना एक, म्हणजे तुम्हाला दोन पुरतील. बसायची दांडी खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर त्या रात्री खोक्यातच झोपतात आणि अंडी शिटेने माखतात. लपवलेलं घरटं सापडलं तर अंडी पाण्यात सोडून बघा. आडवं बुडालं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेका. बाकी भुरटे ओळखता येतात. मुंगूस टरफलं मागे ठेवतं, साप आख्खं गिळतो. चोचीला बलक चिकटलेला दिसला तर चोर घरातलाच आहे.

उठत नाही म्हणता ती कोंबडी खुडूक झाली आहे. जवळ गेलं की ती पिसं फुगवते, गुरगुरते, हाताला टोचते, आणि पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं उपटलेली आणि कातडी गरम लागते. या अवस्थेत ती अंडी घालत नाही, रिकाम्या खोक्यावरही आठवडे काढते. पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं हे जुने उपाय सोडून द्या. जीव हैराण होतो, काम होतंच असं नाही. पोटाला खालून वारा लागला पाहिजे, मुद्दा तेवढाच. जाळीच्या तळाचा पिंजरा दोन विटांवर ठेवा, आत पेंढा नको, दाणा-पाणी आत द्या आणि तिला तीन-चार दिवस ठेवा. सोडल्यावर पुन्हा खोक्याकडे पळाली तर आणखी दोन दिवस. त्यानंतर अंडी सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, घाई करू नका. गिरिराजमध्ये हा प्रकार कमी, सुधारित जातींमधून खुडूकपणा निवडीनेच कमी केला आहे.

खरं तर मी तिला बसवायचा सल्ला देईन. पिल्लं वाढवायला गावरान खुडूकेइतकं चांगलं यंत्र नाही. ज्यांच्याकडे कोंबडा आहे अशांकडून आठवड्याच्या आतली १०-१२ अंडी आणा (कोंबडीला अशी अंड्यांवर बसवण्याला कोकणात रवणीला बसवणं म्हणतात). टोपलीत तळाला थोडी राख, वर पेंढा, आणि अंडी रात्री तिच्याखाली सरकवा. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठून खाते, पिते आणि एक मोठी, भयंकर वासाची शीट टाकते. ते नेहमीचंच. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलची बॅटरी अंड्याखाली धरा. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नितळ दिसलं तर काढून टाका. पिल्लं २१ व्या दिवशी.

आता दिवाळीनंतरच अंडी का घटली? दोन कारणं एकदम येतात. एक, पीस झडणं. वर्षातून एकदा, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर, जुनी पिसं गळून नवी येतात. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे अंड्यांचं काम दोन-तीन महिने बंद पडतं. खुराड्यात पिसांचा सडा आणि मानेवर नव्या पिसांचे काटे दिसले तर हेच. दुसरं, उजेड. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आसपासच असतो. पहाटे चारला एक लहान एलईडी दिवा लावला तरी पुरे, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. तो संध्याकाळी वाढवू नका. दिवा अचानक बंद झाला की कोंबड्या अंधारात दांडीवर चढू न शकता जमिनीवरच राहतात. आणि पीस झडत असताना दिवा लावू नका, आधी त्यांना सावरू द्या.

"खाणं व्यवस्थित" म्हणजे कणी आणि ज्वारी असेल तर ते व्यवस्थित नाही. पोट भरतं, पण या धान्यात प्रथिनं ८-१० टक्केच, घालत्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. कोंडलेल्या कोंबडीला दिवसाला ११०-१२० ग्रॅम लेअर खाद्य (घालत्या कोंबड्यांचं तयार खाद्य) द्या. चरायला मोकळी असेल तर त्याच्या निम्मं, संध्याकाळी आत आल्यावर. शेंगदाणा पेंड चालते, पण बुरशीचा वास आला तर एक मूठही नको, ते विषच आहे. कवचासाठी शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. एका कवचात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं आणि कवच रात्री चढतं, म्हणून वाटी संध्याकाळी भरलेली हवी. चुरा सगळ्यांच्या खाद्यात मिसळू नका, तलंगांच्या मूत्रपिंडांना त्रास होतो. पाणी एक दिवस जरी संपलं तरी परिणाम पुढे बरेच दिवस दिसतो. उन्हाळ्यात कवच पातळ झालं तर दोष चुऱ्याचा नसतो, धापा टाकून कवचाला लागणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. सावली आणि गार पाणी हाच इलाज.

आठही जणी दोन-तीन दिवसांत एकदम थांबल्या, हिरवट शीट, मान वाकडी, श्वासाला घरघर असं काही दिसलं तर वरचं काहीच करत बसू नका. ती मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) असू शकते. आजारी कोंबडी वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात जा. एकटीच शेपूट खाली पाडून कुंथत असेल तर अंडं अडकलं असेल. कोमट पाण्याच्या टबात पोटापर्यंत वीस-तीस मिनिटं बसवा. तासाभरात सुटलं नाही तर तीही डॉक्टरकडेच न्या, आत बोट घालून अंडं फोडू नका.