उडणारे तलवारबाज कधी पटतात, कधी का नाही?

प्रश्न : हाँगकाँगच्या तलवारबाजीच्या सिनेमांत माणसं बांबूंच्या शेंड्यांवरून उडतात. खोटं आहे हे कळतं, तरी डोळे हटत नाहीत. मग काही सिनेमांत तीच उडी हास्यास्पद का दिसते?

उत्तर : 'वूश्या' नावाच्या या प्रकारानं पेकिंग ऑपेरा या चिनी संगीत-नाट्याकडून ताल घेतला : झपाट्याची हालचाल, क्षणभर स्तब्धता, मग वार. दिग्दर्शक किंग हू यांनी १९६६च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये नायिका घेतली तीच बॅले शिकलेली, चंग पेइपेइ. नाच म्हणून पाहिलं की खरंखोटं कोण विचारतो!

उडी फसते ती मात्र तंत्रात. किंग हू ट्रॅम्पोलिन, म्हणजे उसळी देणारं ताणलेलं कापड, वापरत आणि झेप, हवेतलं शरीर, उतरणं असे अगदी छोटे तुकडे जोडत. मधलं अंतर आपला डोळाच भरतो. पुढे तारा आल्या. कपड्यांखाली हार्नेस, म्हणजे अंगाला आवळलेले पट्टे, कमरेच्या दोन्ही बाजूंना तार, वर कप्पी आणि दुसऱ्या टोकाला ओढणारी माणसं. नटानं गुडघे वाकवून जमीन रेटायच्या आधीच तार ओढली, की तो पोत्यासारखा वर जातो. पोट आवळून धरलं नाही, तर कमरेत मोडल्यासारखा लोंबकळतो. सेकंदाला २४ऐवजी २२ चौकटींनी (फ्रेम) चित्रण केलं आणि पडद्यावर २४नंच दाखवलं, तर वेग किंचित वाढतो आणि खपून जातो. १८वर आणलं, की बाह्यांची फडफडच चोरी पकडून देते.

पुढच्या वेळी तलवार सोडा, झेपेआधीचे पाय पाहा.