थेंब देतातच, मग बाळाला पोलिओचं इंजेक्शन कशाला?

कारण थेंबांतला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. लसीकरण कमी असेल तिथे तो मुलामुलांत फिरत राहतो आणि क्वचित पुन्हा ताकद धरतो. पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी यात टाइप 2 सगळ्यात खोडकर. मूळ, म्हणजे निसर्गातला, टाइप 2 जगातून गेलाच होता, म्हणून 25 एप्रिल 2016 ला भारताने तो थेंबांतून काढला. त्याच्याविरुद्ध आता मृत विषाणूचं इंजेक्शन. सरकारी केंद्रात ते दंडावर, कातडीतच देतात: 0.1 मिली, म्हणजे पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. टोचल्याजागी बारीक फुगवटा येतो, घाबरू नका. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, 2023 पासून नवव्या महिन्यालाही. (खाजगीत पूर्ण डोस, मांडीत.) थेंब मात्र चुकवू नका, आतड्यातलं संरक्षण त्यांचंच.