सीके१-डेल्टा काम करत नाही? बफर बदलण्याआधी डब्याचे तास मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय की धुळ्याला मागवलेलं रीकॉम्बिनंट ह्युमन सीके१-डेल्टा (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी एन्झाइम) पीईआर२ पेप्टाइडवर (जैविक घड्याळातल्या पीईआर२ प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर) पहिल्या दिवशी जेमतेम चाललं, दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही आणि गाइड बफर (एन्झाइम ज्यात काम करतं ते द्रावण) बदलायला सांगतायत. हे दुखणं ओळखीचं आहे. बफरला इतक्यात हात लावू नका. संस्थेच्या फाटकावर ड्राय आइसमध्ये (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) पाठवलेला एन्झाइमचा डबा आल्यापासून तुमच्या फ्रीझरमध्ये जाईपर्यंत किती तास गेले, ते आधी शोधा.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान आवक विभागानं केलं. शनिवारी दुपारी आलेला डबा चलनावरचा ऑर्डर नंबर जुळत नाही म्हणून टेबलाखाली ठेवला, सही झाली सोमवारी. मे महिना, बाहेर ४४ अंश. ड्राय आइस उणे ७८ अंशांना थेट वायू होतो, ओल मागे राहत नाही. म्हणून डबा उघडला की सगळं कोरडं आणि व्यवस्थित दिसतं, कुणाला शंकाच येत नाही. साध्या थर्माकोलच्या डब्यातून दिवसाला अडीच ते पाच किलो ड्राय आइस उडून जातो. मुंबईला कस्टममध्ये एक दिवस अडकला की खान्देशात डबा जवळपास रिकामाच पोचतो. अशा वेळी कुणीतरी केळीच्या कोल्ड स्टोरेजचं सुचवतंच. ते १३-१४ अंशांवर चालतं, त्याखाली केळीलाच थंडी बाधते. एन्झाइमला त्याचा उपयोग नाही.

सोमवारीच माल निघेल आणि मुंबईत बर्फ पुन्हा भरला जाईल, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. डब्यावर संस्थेच्या स्टोअरबरोबर तुमचा मोबाइल नंबर हवा. 'नोंद नंतर, आधी फ्रीझर' असं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आवक विभागात आधीच देऊन ठेवा. माझ्या मते हे पत्र कुठल्याही महागड्या बफरपेक्षा मोलाचं आहे. डबा घेताना उरलेल्या बर्फाचं वजन करा, फोटो काढा. बर्फ संपला असेल तर पावतीवर तसा शेरा मारूनच सही करा, नाहीतर बदली माल मिळणं अवघड. (डबा बंद खोलीत उघडू नका, हातमोजे घाला.)

नळी वितळून पुन्हा गोठली होती का, हे बऱ्याचदा नुसतं बघून कळतं. गोठलेला थेंब तळाशी नसून भिंतीला आडवा चिकटलेला असेल तर ती वाटेत पातळ झाली होती. अशी नळी साध्या (पाण्याच्या) बर्फावर वितळवा, सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवा, लगेच ५-५ मायक्रोलिटरचे भाग करा आणि त्याच दिवशी ॲक्टिव्हिटी (एन्झाइम किती वेगानं काम करतं ते) मोजून कंपनीच्या सर्टिफिकेटवरच्या आकड्याशी ताडा. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर नकोच. तो बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतः गरम होतो. तुमची दुसऱ्या आठवड्यातली घसरण मला तरी त्यातलीच वाटते. पातळ करताना बफरमध्ये ०.१ मिग्रॅ/मिली बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर थोडं एन्झाइम प्लास्टिकलाच चिकटून जातं.

आता पहिल्या दिवसाच्या कमी आकड्याबद्दल. तुमचं प्रथिन पूर्ण ४१५ अमिनो आम्लांचं आहे की शेपूट कापलेलं? पूर्ण लांबीचं सीके१-डेल्टा एटीपी (ज्यातून ते फॉस्फेट घेतं तो रेणू) मिळालं की स्वतःच्या शेपटीवर फॉस्फेट लावतं आणि ती शेपूट त्याचंच काम रोखते. म्हणून एन्झाइम आणि एटीपी आधी एकत्र ठेवून पेप्टाइड नंतर टाकू नका. एटीपी शेवटी घाला. २५ मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २ मिलिमोलर ताजं डीटीटी (एन्झाइमचं ऑक्सिडेशन रोखणारं रसायन), ३० अंश, एवढ्यावर सुरुवात होते. पेप्टाइडही तपासा. या एन्झाइमला लक्ष्य सेरीनच्या तीन जागा आधी फॉस्फेट लागलेला असला की ते जोमानं चालतं. तसा नसलेल्या पेप्टाइडवर ते मंदच दिसेल, त्यात एन्झाइमचा दोष नाही. पीईआर२ मधलं एस६६२ (६६२ वं अमिनो आम्ल, सेरीन) हे ठिकाण असंच आधीच्या फॉस्फेटचा आधार नसलेलं आहे. ते बदललं की माणसाला संध्याकाळीच झोप येऊ लागते, हे २००१ मध्ये दिसलं. एन्झाइमशिवाय एक, पेप्टाइडशिवाय एक आणि पीएफ-६७०४६२ (या एन्झाइमला रोखणारं रसायन) घालून एक, एवढे कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवेतच.

प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' २० ते २५ अंशांचं असतं. आपल्याकडे एसी बंद असला तर दुपारी खोली ३८ वर जाते. प्लेट ब्लॉकवर ठेवा आणि तापमान वहीत लिहा. जैविक घड्याळाचा वेग तापमानानं फारसा बदलत नाही आणि त्यात याच एन्झाइमचा मोठा वाटा मानला जातो. म्हणजे या एन्झाइमचं तापमानाशी वागणं हाच इथे मुद्दा असतो, त्यामुळे तापमान न लिहिलेला आकडा वाचताच येत नाही.

वरचं सगळं सीके१-डेल्टापुरतं आहे. तुमच्या नळीसोबतच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं धरा. आणि भाग झटकन गोठवायला द्रव नायट्रोजन मिळत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो तिथे येतो. फक्त भांडं आपलं न्या आणि झाकण घट्ट लावू नका.