कॉपी-पेस्ट कोडमुळे मेंटेनन्स खरंच महाग पडतो का? एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी हे मोजायचं कसं?

मोजायचं कसं ते शेवटी सांगतो. आधी तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार.

2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा मी पुण्यात व्यापाऱ्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर होतो. कर काढायचा कोड घाईघाईत पाच ठिकाणी चिकटवलेला: बिल, कोटेशन, ऑर्डर, डिलिव्हरी चलन आणि परत आलेला माल. दर थेट कोडमध्येच लिहिलेले. हो, माहितीये. त्या जूनमध्ये रात्री दीड वाजता तुम्हीही तेच केलं असतंत.

10 नोव्हेंबरला गुवाहाटीत कौन्सिलची बैठक झाली आणि 178 वस्तू 28 टक्क्यांवरून 18 वर आल्या. लागू 15 तारखेपासून. वायरी, स्विच त्यातच. मध्ये शनिवार-रविवार. मी ‘टॅक्सरेट’ शोधलं, चार ठिकाणी सापडलं. तीन ठिकाणी आकडा बदलला. परतीच्या मालात आकडाच नव्हता, म्हणून पुढे गेलो.

15 ला सकाळी अकराला तपकीर गल्लीतल्या दुकानदाराचा फोन. "अहो साहेब, बिल अठरानं निघतंय आणि कोटेशन अठ्ठावीसनं. गिऱ्हाईक समोर उभंय, काय सांगू त्याला?"

कोटेशनच्या कॉपीत कुणीतरी व्हेरिएबलचं नाव बदलून ‘दर’ करून ठेवलं होतं. बाकी कोड अक्षर न् अक्षर तोच.

मी पेटलो. पुढच्याच आठवड्यात पाचही कॉप्या काढून एकच फंक्शन केलं. आमचे लीड म्हणाले, "चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?" मी लावला. परतीच्या मालात एक वेगळी ओळ होती, मूळ बिलातला दर उचलणारी. जुना कचरा समजून तीही उडवली. मग ऑक्टोबरात 28 नं विकलेली वायरची बंडलं परत आली आणि आम्ही क्रेडिट नोट 18 नं काढली! लीडनी हा किस्सा चहाच्या टपरीवर वर्षभर पुरवला.

चूक माझी, मान्य. पण कॉपीत मुद्दाम फरक ठेवायचा आणि तो का ठेवला हे फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवायचं, याला मी अनुभव म्हणत नाही. कॉपी करणं हा गुन्हा नाही, कॉपी केल्याचं न सांगणं हा आहे. 2009 साली म्युनिकच्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिम्स तपासल्या, तेव्हा हेच दिसलं: एका कॉपीत बदल झाला आणि दुसरीत नकळत राहून गेला, अशा जवळपास दर दुसऱ्या ठिकाणी बग निघाला. नकळत हा शब्द महत्त्वाचा. हार्टब्लीड या गाजलेल्या सुरक्षा-बगचंही बघा. आलेल्या डेटाची लांबी न तपासण्याची ती चूक ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या दोन फायलींत होती, टीएलएस आणि डीटीएलएस या दोन प्रोटोकॉलच्या. एप्रिल 2014 मध्ये दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागली. एकीकडेच केली असती तर?

तर तुमचा प्रोजेक्ट. "कोडमध्ये इतके टक्के क्लोन" (क्लोन म्हणजे कॉपी केलेले तुकडे) हा आकडा गाइडला हवा असेल तर द्या, त्यातून मेंटेनन्सबद्दल काही कळत नाही. सीपीडी हे कॉपी शोधणारं टूल चालवा, पण आयडेंटिफायर (व्हेरिएबल वगैरेंची नावं) दुर्लक्षित करायचा पर्याय लावून, नाहीतर माझं कोटेशन तुमच्याही हातून सुटेल. मग गिटमध्ये साठलेल्या बदलांच्या इतिहासात क्लोनची प्रत्येक जोडी बघा: किती वेळा दोन्ही एकत्र बदलल्या, किती वेळा एकच, आणि दुसरी मागाहून बग-फिक्समध्ये आली का. ही तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा प्रबंध.

आणि हो, टूलनं जनरेट केलेला कोड आधी वगळा. कमिट स्क्वॉश करणारी, म्हणजे बरेच बदल एकाच नोंदीत गुंडाळणारी टीम असेल तर "एकत्र बदलल्या" यावर फार विसंबू नका. बरेच क्लोन थोड्याच काळात नाहीसे होतात, हे 2005 पासून माहीत आहे, म्हणून एकाच दिवसाचा कोड घेऊन बसू नका.

परतीच्या मालाची ती ओळ मी परत टाकली तेव्हा वर कमेंट लिहिली होती: "विक्रीच्या दिवशीचा दर, आजचा नाही." लीडनी रिव्ह्यूत ती उडवली. म्हणाले, कोड वाचला की कळतं.