नगरपालिकेच्या कामात वकिलाचं पोट भरतं का?

गेल्या अंकात बांधकामाच्या नोटिशीवरचं उत्तर छापून आल्यापासून पत्रांचा रोख बदलला. आता नोटिशीपेक्षा वकिलाचीच चौकशी जास्त: हे काम करणारा वकील तयार कसा होतो आणि त्याचं भागतं कसं. त्यातली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. मी कोल्हापुरात वकिली करते, म्हणून उदाहरणंही आमच्या भागातली येतील.

ताई, मी एलएल. बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यात काम करायची इच्छा आहे. बरोबरचे म्हणतात, घरपट्टी आणि अतिक्रमण यात कसलं आलंय करिअर? पुण्याला जाऊन कंपन्यांचं काम बघ. तुमचं मत सांगा. – एक विद्यार्थी, गडहिंग्लज

पोट भरतं, पण उशिरा. सुरुवातीची काही वर्षं सिनियर देतील त्यात बसचा पास आणि मेसचं बिल निघालं तरी बरं म्हणायचं. घरी हे आधीच सांगून ठेव, नाहीतर दुसऱ्याच दिवाळीला विचारणा सुरू होते.

आता घरपट्टी आणि अतिक्रमणाविषयी. तुझ्या मित्रांना या कामाचा आवाका माहीत नाही. मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा आहे, बाकीच्या महापालिकांचा 1949 चा. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना 1965 चा, ग्रामपंचायतींना 1958 चा, जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांना 1961 चा. या सगळ्यांच्या अंगावरून 1966 चा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा जातो. त्यावर 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहेच. भिंत एकच, पण ती कुठल्या हद्दीत उभी आहे त्यावर तिचा कायदा ठरतो.

इचलकरंजी बघ. 2022 मध्ये तिथल्या नगरपरिषदेची महापालिका झाली. कालपर्यंत बांधकाम परवानगीचा वाद 1965 च्या कायद्याच्या कलम 189 वर चालायचा, तो आता 1949 च्या कायद्यातल्या कलम 253 ते 260 कडे गेला. दाव्याआधी द्यायची एक महिन्याची नोटीस कलम 304 ची होती, ती कलम 487 ची झाली. गाव तेच, पक्षकार तेच, टेबलावरचे कारकूनही बरेचसे तेच. तरी बदलानंतर कित्येक दिवस जुन्या कलमांचे अर्ज दाखल होत होते. जो वकील हद्द आणि तारीख आधी बघतो त्याला इथं काम आहे. कोल्हापूरची हद्द 1972 मध्ये महापालिका झाल्यापासून वाढायची म्हणते आहे. एखादं गाव खरंच आत आलं की तिथली घरपट्टी, परवाने, गावठाणाबाहेरची बांधकामं, सगळ्यांचे प्रश्न एकदम वकिलाच्या दारात येणार.

या कामात कायद्याच्या पुस्तकाआधी फाईल वाचायची असते, आणि मला सांगायचं ते एवढंच आहे. पक्षकार येतो तो नोटीस हातात नाचवत आणि विचारतो, स्टे मिळेल का? त्याला चहा दे आणि नोटीस नीट बघ. कुठल्या कलमाखाली आहे? बऱ्याचदा महापालिका कायद्याची 260, 478 आणि नगररचना कायद्याचं 53 अशी तिन्ही कलमं एकाच कागदावर कोंबलेली सापडतात. सही कुणाची? आयुक्तांची नसेल, तर सही करणाऱ्याला कलम 69 खाली अधिकार दिल्याचा आदेश कुठे आहे? जावक क्रमांक आणि तारीख आहे का, आणि ती पंचनाम्याच्या आधीची की नंतरची? मोजमापं कुणी घेतली? पक्षकारानं खुलासा दिला असेल तर त्याची पोच कुठे आहे? नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाबाबत जे निर्देश दिले, त्यांत नोटीस नोंदणीकृत टपालानं पाठवणं, बांधकामावर चिकटवणं आणि 15 दिवसांची मुदत देणं हे सगळं आहे. मात्र रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला ते लागू नाहीत. हे पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगायचं. ओढ्यात घातलेल्या पिलरला पंधरा दिवसांची आशा लावून फी घेणारे वकील आहेत. तू त्यांच्याकडे ज्युनियर राहू नकोस.

आमच्याकडे पुराचं काम वेगळंच आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या बहुतेक परवानगीत निळी रेषा आणि लाल रेषा येतेच. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित. बिल्डर म्हणतो माझा प्लॉट रेषेबाहेर आहे, शेजारी म्हणतात गेल्या पुरात तिथं होडी चालली. अशा वेळी पाटबंधारे खात्याचा नकाशा, सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणी नकाशा एकमेकांवर ठेवून वाचता यावे लागतात. लॉ कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातल्या एखाद्या निवृत्त भूमापकाशी ओळख ठेव आणि त्याला मान दे.

आरक्षणाचंही असंच. विकास आराखड्यात बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडलं, दहा वर्षं गेली, जागा घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही नोटीस लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. मालकीहक्काचे कागद सोबत जोडले नाहीत, एखादा वारस सुटला, की पालिका त्याच मुद्द्यावर वर्षभर हात वर करते.

पुण्याला जायचं की नाही हे तू ठरव. पण ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या रिट याचिका आता इथं चालतात. आमच्या पिढीनं एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्र काढली आहे. मुंबईला गेल्यावर मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, यायचंच नाही, आणि पक्षकाराला वाटायचं वकीलच गेला नाही. तुम्हाला गडहिंग्लजहून सकाळी निघून कोर्ट गाठता येईल. नेमक्या याच वेळी तुमच्यासारख्यांनी इथून निघून जावं, हे मला तरी पटत नाही.

आमची मुलगी वकील झाली, दोन वर्षं प्रॅक्टिस करते. ओळखीचे एक जण म्हणतात, पालिकेच्या वकिलांच्या पॅनलवर घालतो. दुसरे म्हणतात विधी अधिकाऱ्याची जागा निघाली की अर्ज कर, पगार तरी ठरलेला. काय बरं? – एक पालक, इचलकरंजी

काका, या दोन्हींत फरक आहे. विधी अधिकारी ही पूर्णवेळ पगारी नोकरी. ती धरली की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते. रोज कोर्टात उभं राहणं नाही, तर पॅनलच्या वकिलांना फाईल पुरवायची, दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर खात्यांचे अभिप्राय तयार करून घ्यायचे, निविदा आणि करारनामे तपासायचे, आयुक्तांना मत द्यायचं. मत लेखी द्यावं लागतं आणि ते फाईलला कायमचं राहतं. वरिष्ठांना नको असलेलं मत लिहिण्याची तयारी असेल तरच मुलीनं त्या खुर्चीवर बसावं.

पॅनलवर प्रॅक्टिस चालू राहते. अनुभव भरपूर मिळतो, कारण प्रकरणांना तोटा नाही. पण फी ठरीव दराची असते आणि बिल लेखापरीक्षणातून फिरून हातात पडायला वेळ लागतो. एका पालिकेकडं माझी काही बिलं इतकी रेंगाळली की ती मंजूर झाली तेव्हा टेबलावरचा बाबू निवृत्त झाला होता. शिवाय एकदा पालिकेची फाईल आतून पाहिली की त्याच बाबतीत समोरच्या पक्षाकडून उभं राहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आधी दोन-तीन वर्षं नागरिकांच्या बाजूनं काम करून मग पॅनल घेतलेली मुलं मला जास्त पक्की वाटतात, कारण नोटीस मिळाल्यावर घरात काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

“ओळखीचे घालतो म्हणतात”, यावर मात्र एक विचारते. ते गृहस्थ उद्या कुठल्या प्रकरणात काय मागतील, हे तुम्ही आजच त्यांना विचारलंय का?

यासाठी वेगळा कोर्स आहे का? कोणते निकाल वाचावेत? – एक वाचक, मिरज

अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 पासून काम करते. तिचे पदविका अभ्यासक्रम पालिकेचे कर्मचारी बढतीसाठी करतात. वकिलालाही उपयोग होतो, कारण कार्यालय आतून कसं चालतं ते कळतं. निकाल दोन सांगते. 1980 चा रतलाम नगरपालिकेचा, पैसे नाहीत म्हणून गटार बांधत नाही हे पालिकेला म्हणता येत नाही, हे सांगणारा. आणि 1985 चा ओल्गा टेलिस, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा. दोन्ही मूळ वाचा, गाइडमधले चार ओळींचे सारांश नकोत. बाकी एक महापालिकेची महासभा प्रेक्षक गॅलरीतून बघा. विषयपत्रिका हातात घेऊन बसा. ठराव कसा होतो, सूचक-अनुमोदक कोण, उपसूचना कुठून येते आणि इतिवृत्तात त्यातलं काय उरतं ते पाहा.

मी वकील आहे आणि नगरसेवकही व्हायचा विचार आहे. दोन्ही चालेल का? – एक वकील, सांगली

वकिली चालेल, पण निवडून आल्यावर महापालिकेशी संबंध असलेल्या प्रकरणात वकीलपत्र घेतलंत तर 1949 च्या कायद्याच्या कलम 10 खाली अपात्रतेचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे ज्या कामात तुमचा हातखंडा, तेच सोडावं लागेल.

आणि राखीव जागेवरून उभे राहणार असाल तर निवडून आल्यावर जात वैधता प्रमाणपत्र सादर करायची मुदत भिंतीवर लिहून ठेवा. ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांची मुदत बंधनकारक ठरवली, तेव्हा कोल्हापुरात बऱ्याच नगरसेवकांची पदं एका दिवसात टांगणीला लागली. पुढं सरकारनं त्या वेळी मुदत बारा महिन्यांची केली. मुदत कितीही असो, ती बघता बघता जाते.

निवडणुकीचं काम वकिलाच्या अंगानंही मोठं आहे. कोल्हापुरात नोव्हेंबर 2020 पासून प्रशासकच कारभार बघत होता. राज्यभर तीच गत होती. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. मे 2025 च्या आदेशानंतर गाडी हलली आणि जानेवारी 2026 मध्ये महापालिकांचं मतदान झालं. निकाल लागला की निवडणूक याचिकेला महापालिका आणि नगरपरिषदेत अवघे दहा दिवस मिळतात. पराभूत उमेदवार पहिले चार दिवस कार्यकर्त्यांना शिव्या देण्यात घालवतो. उरलेल्या सहा दिवसांत मतमोजणीच्या नकला, शपथपत्राच्या प्रती आणि साक्षीदार गोळा करणारा वकील लागतो. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी रजा मागत नाही.

मॅडम, मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. ग्रामपंचायतीची प्रकरणं येतात, पण पक्षकार सरपंच बाई असली तरी बोलतो तिचा नवरा. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीतही तोच पुढं. मी नवीन आहे, कसं हाताळू? – एक वकील, शाहूवाडी तालुका

तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण हा रोजचा प्रश्न आहे आणि कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम नाही.

मी नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवते. नम्रपणे, पण बसवते. “दादा, सही ताईंची आहे, अपात्र झाल्या तर त्या होणार, म्हणून मला त्यांच्याकडून ऐकायचंय.” पहिल्या भेटीत ताई दोनच वाक्यं बोलतात. दुसऱ्या भेटीत मासिक सभेचं प्रोसिडिंग बुक कुठल्या कपाटात असतं, ग्रामसेवक कुठल्या पानावर सही घेताना हात ठेवतात आणि उपसरपंचानं कुठला ठराव मागच्या तारखेनं घुसवला, ते सगळं बाहेर येतं. पंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे तुमच्या पक्षकारही निम्म्या बायकाच. एकदा विश्वास बसला की त्या दुसरीला घेऊन येतात. माझं बरंच काम असंच वाढलं.

प्रकरणांचं म्हणाल, तर सगळ्यांत जास्त येतं ते ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 मधलं, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलं म्हणून सदस्य अपात्र. आणि अतिक्रमण बहुतेक वेळा सासऱ्यानं कधीकाळी घातलेल्या गोठ्याचं निघतं. “मी नाही केलं, सासऱ्यांनी केलं”, हा बचाव एकट्यानं टिकत नाही. कुटुंबानं केलेल्या अतिक्रमणात सदस्य स्वतः राहत असेल, त्याचा उपभोग घेत असेल, तर तोही अडकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं आहे. म्हणून विभक्त राहत असल्याचे पुरावे आधी बघा: वेगळं रेशन कार्ड, वेगळी घरपट्टी, वेगळं वीजबिल. नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा उतारा आणि गावठाणाची मोजणी नसेल तर म्हणणं दाखल करायची घाई करू नका, मुदत मागून घ्या आणि ती रोजनाम्यात लिहून घ्या.

सुनावणी जिल्हाधिकाऱ्यांपुढं आणि त्यावरचं अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडं. तिथं सुनावणी झटपट उरकते, तोंडी युक्तिवादाला मिनिटं मिळतात. लेखी युक्तिवाद दोन पानांचा, मराठीत, तारखांसह तयार ठेवा. आणि सुनावणीच्या दिवशी सरपंच ताईंना तुमच्या शेजारी उभं करा. अधिकारी काही विचारतील तेव्हा नवरा पुढं सरकेल. त्याच्याकडं बघू नका, ताईंकडं बघा. त्या बोलतात.